शब्दांची पावणी

आमच्या गावच्या देवळात वर्धापनदिनाला रात्री पावणी असते. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगते, पावणी म्हणजे लिलाव. देवाला वाहिलेले नारळ, केळ्यांचे घड, अननस, एखादा निरफणस असं सगळं सभामंडपात मांडतात आणि माईकवाला एकेक वस्तू उचलून बोली पुकारतो. बाजारात जो नारळ सुट्या पैशांत येतो, तो इथे हजाराच्या वर जातो. घेणाऱ्यालाही ठाऊक असतं की नारळ तो नारळच. पण तो देवापुढचा असतो, चारचौघांत आपलं नाव पुकारलं जातं, आणि समोर बोली चढवणारा शेजारीच असतो. गेल्या वर्षी माझ्या आतेभावाने असाच एक नारळ 2,100 रुपयांना घेतला. शेवटपर्यंत त्याच्याशी चढाओढ करणारा गृहस्थ त्याच्या मेरेला, म्हणजे हद्दीच्या बांधाला, लागून राहतो आणि दोघांचं त्या मेरेवरूनच तीस वर्षं वाकडं आहे. वहिनी घरी पोचेपर्यंत एक शब्द बोलली नाही.

हाच आतेभाऊ दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या लॅपटॉपमध्ये डोकावून म्हणाला, "बाय, एक बोट लायलें म्हणून अठ्ठावीस रुपया?"

त्याला एका क्लिकची किंमत दिसली होती.

मी फोंड्यात घरी बसून लोकांच्या इंटरनेटवरच्या जाहिराती चालवते. 'चालवते' हे क्रियापद आमच्या धंद्यात मोटारीसारखं वापरतात, आणि पेट्रोलही तसंच जळतं. त्याआधी मी आठ वर्षं पणजीतल्या एका मराठी दैनिकाच्या जाहिरात विभागात होते. तिथला हिशेब कॉलम सेंटीमीटरचा. वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा, मधोमध भाऊ किंवा भाई, आणि खाली शुभेच्छुकांचे पासपोर्ट साइझ चेहरे, मानाच्या उतरत्या क्रमाने. एका शुभेच्छुकाचा चेहरा शेजारच्यापेक्षा बारीक छापला गेला म्हणून मी फोनवर जे ऐकलंय ते इथे लिहिता येणार नाही. चतुर्थीच्या आठवड्यात तर पानं कमी पडायची. जाहिरात किती जणांनी पाहिली, हे कोणी विचारत नसे. आम्ही खप सांगायचो, एका अंकामागे चार वाचक धरायचो, आणि गिऱ्हाईक त्यावरही मान डोलवायचं. सकाळी भाजीपाव खाताना दोघांनी "पेपरात आलास रे" म्हटलं की त्याचे पैसे वसूल.

सर्चचा, म्हणजे गूगलवर काही शोधलं की दिसणाऱ्या जाहिरातींचा, प्रकार याच्या अगदी उलट. पेपरातली जाहिरात माणसाला वाटेत गाठते. इथे माणूस आधी स्वतःहून काहीतरी मागतो. रात्री 11 वाजता कोणी 'फोंड्यात दाताचा डॉक्टर' असं टाइप करतो तेव्हा त्याची दाढ ठणकत असते. त्याला पटवायचं काही उरलेलं नसतं, फक्त त्याच्यापुढे उभं राहायचं असतं. म्हणून शुभेच्छांच्या जाहिराती सर्चवर चालत नाहीत. भाईंना वाढदिवसाच्या शुभेच्छा कोणी दिल्या, हे कोणी शोधत बसत नाही. माझ्या जुन्या दैनिकातल्या सहकाऱ्यांना मी हे सांगते तेव्हा ते जरा सुस्कारा सोडतात. तेवढा एक किल्ला अजून त्यांच्याकडे आहे.

आतेभावाचं कुळागर, म्हणजे बागायत, सावईवेऱ्याच्या बाजूला आहे. पोफळी, माड, पोफळींवर चढवलेल्या मिरवेली, जायफळ, केळी, अननस, आणि मधून वाहणारा पाट. सुपारीच्या दराचा भरवसा नाही म्हणून त्याने जुन्या घराच्या तीन खोल्या नीट करून, पर्यटन खात्याकडे नोंदणी करून, पाहुणे ठेवायला सुरुवात केली. पाहुणे यावेत म्हणून मला बोलावलं. आणि घरचंच काम, म्हणून मी ते निष्काळजीपणे केलं. हे कबूल केलेलं बरं.

गूगल अ‍ॅड्समध्ये तुम्ही शब्द निवडता आणि तो शब्द किती सैल धरायचा तेही सांगता. काही न सांगता सोडलं तर तो सर्वांत सैल धरला जातो. त्याला ब्रॉड मॅच म्हणतात. मी 'गोवा', 'मसाल्याची बाग', 'राहण्याची सोय' एवढं घालून सोडून दिलं. आठ दिवसांत 6,400 रुपये गेले. फोन आले तीन. त्यातला एक वेलचीची रोपं विकत मिळतील का विचारणारा.

मग नवव्या दिवशी सकाळी मी सर्च टर्म्सचा अहवाल उघडला. खरं तर तो दुसऱ्याच दिवशी उघडायला हवा होता. लोकांनी नेमकं काय टाइप केल्यावर आपली जाहिरात दिसली, त्याची ती यादी. या धंद्यात मला सगळ्यात आवडणारी गोष्ट तीच. आतेभाऊ शेजारी बसला होता आणि मी एकेक ओळ वाचत होते. 'गोवा बीच रिसॉर्ट स्विमिंग पूल'. 'गोव्यात कॅसिनो एंट्री किती'. 'गरम मसाला घाऊक भाव'. 'बाल्कनीत मिरची कशी लावावी'. 'हजार रुपयांत गोवा चार मित्र'. यातल्या प्रत्येकाच्या बोटाला आम्ही सरासरी 28 रुपये मोजले होते. आतेभाऊ प्रत्येक ओळीला "हा कोण?" असं विचारत होता, जणू ती माणसं अंगणात येऊन उभी आहेत. कॅसिनोवाल्यापाशी त्याने हात जोडले.

त्या दिवशी बसून आम्ही नकारांची यादी केली. आमच्या भाषेत निगेटिव्ह कीवर्ड: बीच नको, कॅसिनो नको, घाऊक नको, रोपं नकोत, नोकरी नको. जाहिरातीचं अर्धं काम हे असं दारावर उभं राहून कोणाला आत घ्यायचं नाही ते ठरवण्याचं असतं.

पावणीचं मी त्याला तेव्हाच समजावलं. कोणी सर्च केलं की निकालांची यादी दिसेपर्यंतच्या त्या क्षणात दर वेळी एक लिलाव होतो. देवळातल्या पावणीत आणि त्याच्यात दोन फरक आहेत. पहिला, सर्वांत जास्त बोलणारा जिंकतोच असं नाही. बोलीला दर्जाने गुणतात. म्हणजे जाहिरातीवर बोट पडण्याची शक्यता किती, मागितलेल्या गोष्टीशी ती कितपत जुळते, आणि बोट ठेवल्यावर उघडणारं पान कामाचं आहे की नाही. दुसरा फरक, जिंकणारा आपली पूर्ण बोली भरत नाही. खालच्याला मागे टाकण्यापुरतं भरतो. समजा मोठ्या हॉटेलाने 15 रुपये लावले आणि त्याच्या जाहिरातीचा दर्जा 4. गुणाकार 60. आतेभावाने लावले 10, दर्जा 8. गुणाकार 80. आतेभाऊ वर. आणि त्याने भरायचे किती? साठाला आठाने भागून साडेसात आणि वर एखादा पैसा. आजचं गणित याहून बरंच गुंतागुंतीचं आहे. माणूस कुठे आहे, किती वाजलेत, हातात कोणता फोन आहे, सगळं त्यात मिसळतं. पण हाडं हीच.

"म्हणजे त्या नारळाचे मी त्याच्या बोलीहून एकच रुपया जास्त द्यायचा होता?" आतेभावाने विचारलं. वहिनी आतून म्हणाली, "ऐका."

गंमत म्हणजे इंटरनेटवरची ही पावणी सुरुवातीला देवळातल्यासारखीच होती. 1998 मध्ये बिल ग्रॉस नावाच्या अमेरिकन उद्योजकाने गोटू नावाचं सर्च इंजिन काढलं आणि शोधाच्या निकालातली वरची जागा सरळ बोलीवर विकायला काढली. जो जास्त बोलेल तो वर, आणि बोलला तेवढं भरायचं. सगळ्यांना सगळ्यांची बोली दिसायची. त्यामुळे दोघे एकेक सेंट चढवत वर जायचे, मग एकजण कंटाळून एकदम खाली यायचा, की दुसराही त्याच्या मागोमाग खाली, आणि पुन्हा चढाई सुरू. अगदी मेरेवरच्या शेजाऱ्यांसारखं. त्याच 1998 मध्ये सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी विद्यापीठातल्या आपल्या निबंधात लिहिलं होतं की जाहिरातींवर जगणारं सर्च इंजिन जाहिरातदारांकडेच झुकेल. ऑक्टोबर 2000 मध्ये त्यांच्याच गूगल कंपनीने 350 जाहिरातदारांना घेऊन अ‍ॅडवर्ड्स सुरू केलं. 2002 मध्ये त्यात क्लिकमागे पैसे, बोली आणि दर्जाचा गुणाकार आला. गोटूचं नाव पुढे ओव्हर्चर झालं आणि 2003 मध्ये याहूने ते विकत घेतलं. अ‍ॅडवर्ड्सचं 2018 मध्ये गूगल अ‍ॅड्स झालं. निबंधातल्या त्या वाक्यावर मी त्यांना हसत नाही. माझं घर त्याच झुकण्यावर चालतं.

आता गोव्याची अडचण. इथे एका गावाला एक नाव नसतं. पणजी, पंजी, पंजिम. आमचा फोंडा रोमन लिपीत 'पोंडा' होतो. डिचोलीचं 'बिचोलिम', पेडण्याचं 'पेर्नेम', केप्याचं 'क्वेपेम'. पोर्तुगीज गेले, त्यांनी लावलेला शेवटचा नाकातला म मात्र राहिला. साखळीचं 'सँक्वेलिम'. साखळीतल्या एका सोनाराचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मी देवनागरीत 'साखळी सोन्याचे दागिने' असा शब्द लावला आणि दोन दिवस महाराष्ट्रभरच्या गळ्यातल्या साखळ्यांची चौकशी आमच्यावर कोसळली. एकाला सायकलची साखळी हवी होती. चूक माझीच. जाहिरात फक्त त्या तालुक्यापुरती दाखवायला सांगायचं मी विसरले होते.

त्याहून नाजूक प्रकरण आंब्याचं. आमच्या ओळखीच्या एकीने फेब्रुवारीअखेर मानकुराद घरपोच द्यायचं ठरवलं. मानकुराद हा गोमंतकीयांचा अभिमानाचा विषय, हापूसचं नाव काढलं की आवाज चढतो. 2023 मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण शोधणारा लिहिणार काय? 'मानकुराद', 'मांकुराद', 'मानकुर', आणि ज्यांच्या घरी अजून पोर्तुगीजचा वास आहे ते 'मालकोरादा'. हे मूळ नाव, आणि अर्थ काय तर रंगाने फिका. यंत्राला साध्या टंकनचुका कळतात. 2014 पासून अशी जवळची रूपं ते आपणहून जुळवून घेतं. पण मानकुर आणि मालकोरादा एकाच झाडाला लागतात हे त्याला शिकवावं लागलं. ती सगळी रूपं मी हाताने भरली. आणि मजा अशी की त्यातल्या सगळ्यात जुन्या, वाकड्या स्पेलिंगवरून सगळ्यात मोठ्या ऑर्डरी आल्या. ते लिहिणारे बहुतेक दूरदेशी होते आणि पेटी मडगावातल्या म्हाताऱ्या आईवडिलांच्या घरी पोचवायला सांगत होते.

मराठीत जाहिरात लिहायची तर आणखी एक जाच. शीर्षकाला 30 अक्षरांची मर्यादा. आपली अक्षरं नव्हेत, यंत्राची. 'कुळागरात राहायला या' हे आपल्या डोळ्यांना 10 अक्षरांचं आहे. यंत्र काना, उकार सगळं सुटं मोजतं आणि मोकळ्या जागा धरून 19 म्हणतं. त्यामुळे मी शब्द निवडताना आधी अर्थ पाहते आणि मग वेलांट्या मोजते. 'सुट्टी'पेक्षा 'रजा' स्वस्त पडते. जाहिरातीची भाषा निवडायच्या यादीत मराठी आहे. कोकणी मला तिथे सापडलेली नाही. गूगलच्या भाषांतरात ती 2022 मध्ये आली, पण भाषांतरात येणं वेगळं आणि बाजारात उभं राहणं वेगळं. मग आमच्याकडचे लोक काय करतात? कोकणीत विचार करतात, रोमन लिपीत मराठी-इंग्रजी मिसळून टाइप करतात. 'पोंडा मध्ये बेस्ट डेंटिस्ट'. वयस्कर मंडळी टाइपच करत नाहीत, बोलतात. 2017 पासून आवाजाने शोधणं मराठीत आलंय, आणि माझी आत्या फोनला "गो, तांबडी सुर्लेक कशें वचचें सांग" असं, म्हणजे तिथे कसं जायचं ते, कोकणीतच विचारते. फोन मराठी समजून काहीतरी ऐकतो. उत्तर बरंचसं बरोबर येतं.

आणि आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते. नकारांची यादी झाल्यावर मी आतेभावाच्या जाहिरातीत नवे शब्द घातले. त्यात देवनागरीत एक शब्द घातला: 'कुळागर'. दुसऱ्या दिवशी त्या शब्दापुढे करडी खूण होती, शोध फार कमी. याचा अर्थ असा की हा शब्द इतके थोडे लोक शोधतात की त्याचा लिलावच होणार नाही. तुम्ही हजार रुपये लावा, तरी नाही. शब्द मांडलेला असतो, माईकवाला तो उचलतच नाही. पुढे कधी शोध वाढले तर यंत्र आपणहून तो जागा करतं.

मला हे लागलं, खोटं कशाला सांगू. 'स्पाइस प्लँटेशन' या शब्दाला पैसे आहेत. 'एस्टेट' आहे, 'फार्मस्टे' आहे, 'इको' काहीही आहे. बसेस भरभरून पर्यटक ज्या जागी येतात, फुलं घालून घेतात, केळीच्या पानावर जेवतात, तिचं मूळ नाव मात्र पावणीला घेण्याइतकंही नाही. दोष कोणाला द्यायचा? आम्ही स्वतःच्या पाटीवरही 'स्पाइस फार्म' लिहितो. आतेभावाच्या पाटीवरही तेच होतं, आणि ती मीच सुचवली होती.

दरम्यान जाहिरातीचे वारे दुसरीकडे वळले. 29 जून 2020 ला टिकटॉक बंद झालं, पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामचे रील्स भारतात आले, आणि गोव्यातली एकेक जागा 'हिडन जेम' व्हायला लागली. त्याची झळ आधीच दिसू लागली होती. पर्रा गावातल्या माडांच्या रस्त्यावर फोटोवाल्यांची इतकी झुंबड उडायची की 2020 च्या सुरुवातीला पंचायतीने फोटो काढणाऱ्यांकडून पैसे घ्यायला सुरुवात केली. ओरड झाली आणि ते मागे घ्यावं लागलं. भाचीने कुळागराचं एक रील टाकलं. पाटात पाय सोडलेले, मागे पाखरं. त्या शनिवारी चार गाड्या आल्या, सगळ्यांनी त्याच जागी पाय सोडले, आणि तासाभरात गेल्या. राहिलं कोणीच नाही. सर्चवरून येणारा माणूस काहीतरी हवं म्हणून येतो, रीलवरून येणारा तिथे आपण असल्याचा पुरावा न्यायला. दोघांचं गणित एका बजेटमध्ये बसवू नये, हे मी आता सगळ्या गिऱ्हाइकांना सांगते. आणखी एक सांगते: पैसे देऊन रील करून घेत असाल तर तसं त्यावर लिहायला लावा. जाहिरात मानक परिषदेचे नियम 2021 पासून आहेत. ऐकतं कोण, ते सोडा.

शब्दांचंही महत्त्व ओसरतंय. 2021 पासून परफॉर्मन्स मॅक्स नावाचा प्रकार आहे. त्यात शब्द निवडायचेच नाहीत. फोटो, मजकूर, पैसे द्यायचे, बाकी यंत्र बघतं. सर्च, यूट्यूब, जीमेल, नकाशे, कुठे दाखवायचं ते तेच ठरवतं. फळ मिळतं कधीकधी चांगलं, पण मला ती अंगणात येणारी माणसं तितकी स्पष्ट दिसत नाहीत. त्यात ऑगस्ट 2024 पासून आपल्याकडे सर्चच्या माथ्यावर एआयचं तयार उत्तर येऊ लागलं. माणूस प्रश्न विचारतो, उत्तर वाचतो आणि फोन खिशात घालतो. क्लिकच नाही तर 28 रुपये कशाचे? त्या उत्तरातही जाहिराती शिरायला लागल्यात, अमेरिकेत 2024 मध्येच शिरल्या. माझ्या नकारांच्या याद्या तिथे किती चालतील, बघायचं.

छोट्या धंदेवाल्याने या सगळ्यात आधी काय करावं, असं कोणी विचारलं तर माझं उत्तर फार कंटाळवाणं आहे. नकाशावरची फुकटची नोंद नीट करा. वेळ, फोन, फोटो, आणि पिन. पिनेवरून आठवलं. आतेभावाच्या घराची पिन मी घाईत मेरेच्या पलीकडे टाकली होती. पहिले पुण्याचे पाहुणे सामान घेऊन थेट त्या शेजाऱ्याच्या अंगणात. त्याने त्यांना शहाळी पाजली, आणि म्हणाला, "तो? त्याच्याकडे पाणी येतं माझ्याच पाटाने." पाहुण्यांनी रिव्ह्यूमध्ये शेजारी प्रेमळ असल्याचं लिहिलंय. आतेभावाने मला तो काढून टाकायला तीनदा सांगितलंय. रिव्ह्यू असा काढता येत नाही.

पावसाळ्याआधी आम्ही पाटी बदलली. वर मोठ्या अक्षरांत 'कुळागर', खाली बारीक रोमन. वेबसाइटवरही तेच. पुढे चतुर्थी झाली, माटोळीची, म्हणजे गणपतीवर टांगलेली, फळं उतरली, आणि एका सकाळी मी अहवाल उघडला तर त्या शब्दापुढची करडी खूण नव्हती. शब्द चालू होता. आदल्या दिवशी त्यावर दोनदा जाहिरात दिसली होती, एकदा क्लिक.

मी आतेभावाला फोन लावला. सांगितलं की 'कुळागर' जागा झाला.

"किती पडले?"

"दोन रुपये दहा पैसे."

"इतकेच?" त्याचा आवाज पडला. "चढव. पन्नास लाव."

"लावून उपयोग नाही. तेवढेच लागतात."

"समोर कोण आहे?"

"कोणीच नाही."

थोडा वेळ फोनवर फक्त पाटाचा आवाज येत होता. "मग ती पावणी कसली," तो म्हणाला, आणि सुपारी सोलायला गडी आलेत म्हणून फोन ठेवला.